नऊ होलची फेरी : लहान शहरातील गोल्फ आणि मोकळी जमीन

नाशिक शहराच्या मध्यवस्तीत, जिल्हा शासकीय रुग्णालयापासून जवळच, एक विस्तीर्ण मैदान आहे. त्याचे अधिकृत नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान असे आहे. तरीही भेटीचे ठिकाण सांगताना जुना नाशिककर आजही ‘गोल्फ क्लबवर या’ असेच म्हणतो. या मैदानावर सकाळी फेरी मारणाऱ्यांची वर्दळ असते, मुलांचे क्रिकेट चालते, मोठ्या सभा भरतात आणि रणजी करंडकाचे सामनेही होतात. जानेवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि बडोदा यांच्यातील सामना येथेच झाला. गोल्फ मात्र येथे कोणी खेळत नाही. ब्रिटिश अमदानीतील साहेबांच्या खेळाचे नाव तेवढे लोकांच्या जिभेवर शिल्लक उरले आहे.

ज्यांच्या नावाने आज हे मैदान ओळखले जाते, त्या अनंत लक्ष्मण कान्हेरे यांनी २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात जिल्ह्याचा कलेक्टर जॅक्सन याच्यावर गोळ्या झाडल्या आणि १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आली. कलेक्टरांच्या विरंगुळ्याची जागा कलेक्टरावर पिस्तूल रोखणाऱ्या तरुणाच्या नावे व्हावी, हा इतिहासाचा न्याय मोठा मार्मिक म्हटला पाहिजे. परंतु या लेखाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. शहर चहूबाजूंनी वाढत असताना ही जागा बांधकामाखाली गेली नाही, ती मोकळी राहिली.

या शहराच्या नैर्ऋत्येस, पांडवलेण्यांच्या डोंगरापासून फारशा दूर नसलेल्या अंबड गावाने याच्या उलट प्रवास पाहिला आहे. जेथे एके काळी शेती होती, तेथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत उभी राहिली, शेजारी सिडकोची घरे आली आणि गाव महानगरपालिकेच्या हद्दीत सामावले. हजारो हातांना काम मिळाले, यात शंका नाही. अशा वाढत्या वस्त्यांमध्ये ‘आमच्याकडेही गोल्फचे मैदान असावे’ अशी कल्पना अधूनमधून पुढे येते. ती ऐकून काहींना हसू येते आणि काहींना राग येतो. दोन्ही प्रतिक्रिया बहुधा खेळाची नीट माहिती नसल्यामुळे होतात. म्हणून प्रथम खेळ समजून घेणे इष्ट ठरेल.

खेळाचे स्वरूप

विटीदांडू आणि गोट्या खेळलेल्या माणसाला गोल्फ समजण्यास अडचण पडू नये. दांडूने विटी कोलावयाची आणि ती किती दूर गेली ते मोजावयाचे, हे एक अंग. गोटी नेमकी गलीत घालावयाची, हे दुसरे. गोल्फमध्ये ही दोन्ही कौशल्ये एकाच चेंडूवर एकापाठोपाठ एक वापरावी लागतात. सुरुवातीच्या जागेला ‘टी’ म्हणतात. तेथून चेंडू टोलवीत न्यावयाचा आणि दूर झेंडा लावलेल्या खळग्यात, म्हणजे ‘होल’मध्ये, कमीत कमी टोल्यांत घालावयाचा. हा खळगा १०८ मिलिमीटर व्यासाचा असतो. चेंडूचा व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी नसावा आणि वजन ४५.९३ ग्रॅमपेक्षा अधिक नसावे, असा नियम आहे.

चेंडूवरील खळ्या शोभेसाठी नसतात. गुळगुळीत चेंडूमागे हवेचा मोठा भोवरा तयार होऊन तो चेंडूला मागे ओढतो. खळ्यांमुळे हवा चेंडूच्या पाठीला अधिक काळ चिकटून राहते, भोवरा लहान होतो आणि चेंडू बराच लांब जातो. त्याच टोल्याने गुळगुळीत चेंडू जेमतेम निम्मे अंतर कापतो. विज्ञानाच्या शिक्षकांना वर्गात सांगण्याजोगे हे उदाहरण आहे.

चेंडू मारण्याच्या साधनाला आपल्याकडील खेळाडू ‘स्टिक’ म्हणतात. नियमाप्रमाणे खेळाडूला अशा १४ स्टिक बरोबर ठेवता येतात. लहान मैदानावर पाच-सहा पुरतात. त्यांच्या पात्यांचा कल निरनिराळा असतो. पाते जितके उभे, तितका चेंडू खालून आणि लांब जातो. जितके आडवे, तितका तो उंच उडून जवळ पडतो. टीवर चेंडू ठेवण्यासाठी आज लाकडाची वा प्लास्टिकची लहान खुंटी वापरतात. अशा खुंटीचे पेटंट १८९९ मध्ये बोस्टन येथील जॉर्ज ग्रँट या कृष्णवर्णीय दंतवैद्याने घेतले. त्यापूर्वी, आणि नंतरही पुष्कळ वर्षे, चिमूटभर ओल्या वाळूचा ढीग करून त्यावर चेंडू ठेवीत असत.

पूर्ण मैदानात १८ होल असतात. ही संख्या स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथे १७६४ मध्ये ठरली आणि पुढे सर्वत्र रूढ झाली. लहान गावांत व छावण्यांत मात्र नऊ होलचे मैदान पुरेसे मानले जाते; हौस असल्यास तीच फेरी दोनदा खेळता येते. प्रत्येक होलला निपुण खेळाडूस किती टोले लागावेत याचा एक आकडा ठरलेला असतो, त्यास ‘पार’ म्हणतात. जवळच्या होलला ३, मध्यम अंतरास ४ आणि लांबच्या होलला ५ असा तो असतो.

एक फेरी

आता एक फेरी प्रत्यक्ष कशी होते ते पाहू. समजा, अंबडच्या कारखान्यातील एक फोरमन आणि तालुक्याच्या शाळेतील एक वयस्क शिक्षक सुटीच्या दिवशी सकाळी नऊ होलच्या मैदानावर आले आहेत. हे वर्णन कोणत्याही विशिष्ट मैदानाचे नाही. दख्खनच्या पठारावर, मुरूम आणि काळी माती यांच्या सरमिसळीवर केलेल्या लहान मैदानाचे रूप सामान्यतः असेच असते.

पहिला होल २६० मीटरचा, पार ४. फोरमन अंगात जोर असलेले; त्यांचा टोला झणझणीत बसतो, परंतु चेंडू उजवीकडे वळून बाभळीच्या काट्यांत जातो. तेथून मारणे अशक्य असल्याने ते एक टोला दंड पत्करून चेंडू दोन स्टिकच्या अंतरात बाजूला घेतात. तिसरा टोला आडवा, केवळ मोकळ्या पट्ट्यात येण्यासाठी. चौथा कमी पडतो, पाचवा झेंड्याजवळ पोहोचतो आणि तेथून दोन टोल्यांत चेंडू होलमध्ये. एकूण सात. गुरुजींचा पहिला टोला १२० मीटर, दुसरा १०० मीटर, दोन्ही सरळ. तिसरा झेंड्याच्या आवारात, पुढे दोन. एकूण पाच. ‘गुरुजी, तुम्ही तर घाईच करीत नाही,’ असे फोरमन म्हणतात. पट्टीच्या सरळ रेषेपुढे दंडातील बळ कसे निष्फळ ठरते, याचा धडा पहिल्याच होलवर मिळतो. लहान मैदानाची खरी गंमत हीच आहे. तेथे लांब मारणाऱ्याला फारसा फायदा नसतो, नेमका मारणाऱ्याला असतो.

झेंड्याभोवतालच्या आवाराला मोठ्या क्लबात ‘ग्रीन’ म्हणतात, कारण तेथे गालिच्यासारखी कातरलेली हिरवळ असते. पाण्याचे दुर्भिक्ष असलेल्या प्रदेशात हिरवळीऐवजी बारीक वाळूचे वर्तुळ करीत, त्यास ‘ब्राऊन’ असे नाव पडले. भारतातील अनेक छावण्यांच्या मैदानांवर अशी ब्राऊन होती. चेंडू गडगडविण्यापूर्वी तेथील माणूस गोणपाट वा चटई ओढून पावलांच्या खुणा पुसून टाकी. वाळू वाऱ्याने उडू नये म्हणून तिच्यात जळके तेल मिसळण्याची पद्धत होती. आज ती सर्वस्वी त्याज्य मानली पाहिजे. यंत्रातून काढलेले वापरलेले तेल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते, आणि जमिनीत मुरलेले तेल विहिरीपर्यंत जाण्यास वेळ लागत नाही. बारीक चाळलेली वाळू आणि सकाळचा हलका शिडकावा यांवर भागते.

दुसरा होल नाल्यापलीकडे, ११० मीटर, पार ३. नाल्याच्या काठी लाल खुंट्या रोवलेल्या असतात; चेंडू आत गेला आणि खेळता आला नाही तर एक टोला दंड. तिसऱ्या होलवर एक भटके कुत्रे गुरुजींचा चेंडू तोंडात धरून पळते. नवख्याला हा मोठा अनर्थ वाटेल, परंतु नियमांनी त्याचीही सोय केलेली आहे. स्थिर चेंडू बाहेरच्या प्राण्याने वा माणसाने हलविला तर दंड नाही. तो होता त्या जागी, अंदाजाने, पुन्हा ठेवावयाचा. पाचव्या होलवर काळ्या मातीच्या भेगेत चेंडू अडकतो. जेथे अशा भेगा वा गुरांच्या खुरांचे खोल ठसे आहेत, तेथे दंडाविना चेंडू बाजूला घेण्याचा स्थानिक नियम मैदानाची समिती करू शकते. पावसाळ्यात तात्पुरत्या साचलेल्या पाण्यातूनही अशीच मोकळीक असते. जागतिक नियम एक असले तरी त्यांत गावच्या मातीला जागा ठेवलेली आहे, ही बाब लक्षात घेण्यासारखी आहे.

सहाव्या होलवर जे घडते ते विशेष सांगण्याजोगे आहे. गुरुजींचा चेंडू एका उंचवट्यामागे वाळक्या पानाला लागून थांबला आहे. पान दूर करताना चेंडू बोटभर हलतो. फोरमन पलीकडे आहेत, त्यांना काही दिसलेले नाही. पंच कोणी नाही. गुरुजी चेंडू मूळ जागी ठेवतात आणि हाक मारून सांगतात, ‘माझा एक टोला वाढवा.’ एकमेकांची गुणपत्रिका एकमेकांनी लिहावयाची, ही या खेळातील प्रथा असल्याने फोरमन तो टोला टिपतात. मोठ्या स्पर्धांत पंच असतात हे खरे, परंतु तेथेही दंड प्रथम खेळाडूने स्वतः सांगावा हीच अपेक्षा असते. परीक्षेच्या वर्गात पर्यवेक्षक वाढविण्याची वेळ आलेल्या काळात या एका नियमासाठी तरी शाळांनी या खेळाची ओळख करून घ्यावी, असे म्हणावेसे वाटते.

सातवा आणि आठवा होल विशेष काही न घडता पार पडतो. नवव्या होलवर फोरमनांचा चेंडू उंच गवतात हरवतो. शोधण्यास तीन मिनिटे मिळतात. २०१९ पूर्वी पाच मिळत. न सापडल्यास पुन्हा आधीच्या जागी जाऊन, एक टोला दंड घेऊन, नवा चेंडू मारावयाचा. अखेरीस फोरमनांचे ४७ आणि गुरुजींचे ४५ टोले होतात. तरीही विजय फोरमनांचा ठरतो. प्रत्येक खेळाडूच्या पूर्वीच्या कामगिरीवरून त्याला काही टोल्यांची सूट दिलेली असते, तिला ‘हँडिकॅप’ म्हणतात. या नऊ होलसाठी फोरमनांना १४ आणि गुरुजींना ११ टोल्यांची सूट असेल, तर हिशेब ३३ विरुद्ध ३४ असा होतो. नवखा आणि मुरलेला, तरुण आणि वृद्ध यांना बरोबरीने खेळविणारी अशी व्यवस्था फार थोड्या खेळांत आढळते. दोन तासांत सुमारे तीन किलोमीटर चालणे झाले, हा वरचा लाभ.

जमीन आणि पाणी

येथवर खेळाचा भाग झाला. पंचायतीच्या व नगरपालिकेच्या दृष्टीने खरा प्रश्न यापुढे सुरू होतो. अठरा होलच्या पूर्ण मैदानास ढोबळमानाने ५० ते ६० हेक्टर जमीन लागते. नऊ होलचे आखूड मैदान १० ते १५ हेक्टरांत बसू शकते. इतकी सलग जमीन आज कोणत्याही वाढत्या गावाजवळ रिकामी पडून असत नाही. ती शेतीची असते किंवा गायरान असते.

गायरानाविषयी संदिग्धता ठेवू नये. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या प्रकरणात गावाच्या सामाईक जमिनी गावकऱ्यांच्या सामाईक उपयोगासाठीच राखल्या पाहिजेत असे बजावले, आणि त्यास अनुसरून महाराष्ट्र शासनाने १२ जुलै २०११ रोजी निर्णय काढला. गुरांच्या तोंडचे गवत काढून त्यावर गोल्फची हिरवळ लावण्याचा प्रस्ताव कोणी आणला, तर ग्रामसभेने तो पहिल्याच बैठकीत बाजूला ठेवावा. गोव्यात तेरेखोल येथील प्रस्तावित गोल्फ मैदानास कुळांनी व ग्रामस्थांनी केलेला विरोध सर्वांच्या स्मरणात आहे. तेथे भांडण खेळाशी नव्हते, पोटापाण्याच्या जमिनीशी होते.

पाण्याचा हिशेब कोणासही करता येईल. एका हेक्टरवर दिवसाला केवळ ५ मिलिमीटर पाणी द्यावयाचे म्हटले तरी ५०,००० लिटर लागतात. संपूर्ण मैदान उन्हाळ्यात हिरवे ठेवणे म्हणजे दररोज काही लाख लिटरांची उधळण होय. केवळ नऊ ग्रीन, प्रत्येकी ४०० चौरस मीटरच्या, हिरव्या ठेवल्या तरी रोज १८,००० लिटर, म्हणजे जवळजवळ दोन टँकर पाणी हवे. सिन्नर, येवला, नांदगाव या तालुक्यांतील ज्या वाड्यांनी उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली आहे, त्यांना या आकड्याचा अर्थ निराळा समजावून सांगावयास नको. चंदीगडसारख्या शहरात सांडपाणी शुद्ध करून ते मैदानासाठी वापरले जाते. तेवढी यंत्रणा असेल तेथे विचार व्हावा. नसेल तेथे वाळूची ब्राऊन आणि पावसावर येणारे गवत एवढ्यावर समाधान मानावे. गवत वाळले म्हणून खेळ थांबत नाही. उलट कडक जमिनीवर चेंडू अधिक गडगडतो आणि खेळणाऱ्याचा डोळा तयार होतो.

आणखी एक अडचण क्वचितच ध्यानात घेतली जाते. गोल्फचा चेंडू लहान आणि कठीण असतो व चांगल्या टोल्याने तो ताशी २०० किलोमीटरहून अधिक वेगाने सुटतो. डोक्यास लागल्यास प्राणावर बेतू शकते. म्हणूनच चेंडू भलतीकडे जाताच ‘फोर’ अशी आरोळी देण्याची प्रथा आहे. याचा अर्थ असा की, जेथे गोल्फ चालतो तेथे त्या वेळी फिरावयास येणारे वृद्ध, पतंग उडविणारी मुले आणि सायकल शिकणाऱ्या मुली असू शकत नाहीत. क्रिकेटचे मैदान सायंकाळी सर्वांचे होते. गोल्फचे मैदान कुंपणाआड राहते. नाशिकच्या त्या मैदानावर आज जितकी माणसे पहाटे येतात, त्यांतील फार थोड्यांना गोल्फच्या मैदानात पाऊल टाकता आले असते. शहराच्या पोटातील जागेवर सर्वांचा हक्क अधिक मोठा आहे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही.

पिशवी वाहणारे हात

गोल्फच्या इतिहासात आणखी एक वर्ग आहे, त्याची नोंद क्लबांच्या भिंतींवरील सुवर्णाक्षरी फलकांवर क्वचितच आढळते. खेळाडूची जड पिशवी वाहणारा, चेंडू कोठे पडला ते सांगणारा ‘कॅडी’ बहुधा मैदानाशेजारच्या वस्तीतला मुलगा असे. याच मुलांतून मोठे खेळाडू निर्माण झाले. दिल्लीत कॅडी म्हणून सुरुवात केलेले अली शेर १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारे पहिले भारतीय व्यावसायिक खेळाडू ठरले आणि १९९३ मध्ये त्यांनी तो पराक्रम पुन्हा केला. बंगळूरचे सी. मुनियप्पा यांनी २००९ मध्ये तीच स्पर्धा जिंकली. महूचे मुकेश कुमार यांनी वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, २०१६ मध्ये, पॅनासॉनिक ओपन जिंकून तरुणांना मागे टाकले. तेही पूर्वीचे कॅडीच.

या यशोगाथा अभिमानास्पद आहेत. परंतु एका अली शेरमागे शाळा सुटलेली कितीतरी मुले असतात, हेही विसरता येत नाही. चौदा वर्षांखालील मुलांना कोणत्याही व्यवसायात कामावर ठेवण्यास २०१६ च्या दुरुस्तीने बंदी झाली आहे. मैदानाला जागा वा परवानगी देणाऱ्या संस्थेने ही अट कागदावर लिहून घ्यावी, आणि शेजारच्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी हजेरीपटावर लक्ष ठेवावे. त्याच मुलांना आठवड्यातून एक दिवस मैदान खेळण्यासाठी मोफत खुले ठेवण्याची अटही घालता येईल. पिशवी वाहणाऱ्याच्या हाती स्टिक दिली तर काय होते, हे वरील तीन नावांनी दाखविलेच आहे.

ऑलिंपिकमध्ये १९०४ नंतर हा खेळ २०१६ साली परत आला. २०२१ मध्ये झालेल्या टोकियोच्या स्पर्धेत बंगळूरची अदिती अशोक चौथी आली; तिचे पदक अवघ्या एका टोल्याने हुकले. त्याच स्पर्धेत पुण्याचे उदयन माने हेही खेळले. खेळात गुणवत्ता आहे आणि ती आपल्या भागातही आहे. त्यासाठी प्रत्येक तालुक्यात क्लब हवा असे मात्र नाही.

शाळेच्या साध्या पटांगणात तीन होलचे मैदान आखता येते. तीस, चाळीस आणि पन्नास मीटरवर तीन खळगे खणावेत, त्यांत बांबूच्या काठीला रंगीत फडके बांधून झेंडे उभे करावेत. कठीण चेंडूऐवजी छिद्रांचा पोकळ प्लास्टिकचा किंवा जुना टेनिसचा चेंडू घ्यावा. तो लागला तरी इजा होत नाही. गावच्या सुताराकडून बाभळीच्या वा सागाच्या लाकडाच्या, पुढे चपटा ठोकळा असलेल्या चार-पाच काठ्या करून घ्याव्यात. दोघादोघांच्या जोड्या पाडाव्यात आणि प्रत्येकाच्या हाती दुसऱ्याची गुणपत्रिका द्यावी. गणिताच्या तासाला त्याच आकड्यांवरून सरासरी काढता येईल आणि सूट कशी द्यावयाची तेही मुलांना ठरवू द्यावे. पहिल्या दिवशी टोले कमी सांगितले जातील. शिक्षकांनी लगेच रागावू नये. दुसऱ्या आठवड्यात कोणीतरी मुलगी हात वर करून सांगते की, माझा चेंडू हलला होता, एक वाढवा.